कागद नसलेल्या माणसाचा जमाखर्च

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात शहपुरा येथील मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी व्याख्यात्याने गोड बोलावे असा संकेत आहे. गेल्या पन्नास वर्षांतील गणेशोत्सव, नाट्यप्रयोग आणि हळदीकुंकवे यांची उजळणी करावी, वडीलधाऱ्यांचे स्मरण करावे आणि श्रोत्यांस वेळेवर भोजनाकडे मोकळे सोडावे, हे सर्वांच्याच सोयीचे असते. ते काम माझ्यापेक्षा अधिकारी वक्त्यांनी सकाळीच केले आहे. कार्यवाहांनी मला विषयाचे स्वातंत्र्य दिले. त्याचा लाभ घेऊन मी एक रुक्ष आणि काहीसा अप्रिय विषय आपणांपुढे ठेवीत आहे. परवान्याविना देशात येणाऱ्या माणसांमुळे देशाचे आर्थिक नुकसान किती होते आणि लाभ किती, हा तो विषय होय.

'घुसखोर' हा शब्द अलीकडे आपल्या घरांतही पुष्कळ ऐकू येतो. त्यामागे भीती असते, राग असतो, कधी राजकारण असते. त्या सर्वांचा विचार करणारे लोक पुष्कळ आहेत. मी आज फक्त पैशाकडे पाहणार आहे. तो कोणाच्या खिशातून निघतो आणि कोणाच्या खिशात पडतो, एवढेच. एक वाणी आपल्या वहीकडे जितक्या थंडपणे पाहतो तितक्याच थंडपणे पाहण्याचा प्रयत्न करीन. तो शेवटपर्यंत साधेलच अशी हमी मात्र देत नाही.

'आपण' आणि 'बाहेरचे' ही विभागणी आपल्याला वाटते तितकी जुनी नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. या नर्मदाकाठी आपले पूर्वज कोणाच्या परवान्याने आले? १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य घेतले, १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ साली इंग्रजांकडे. गोंड राजाने आपणांस प्रवेशपत्र दिल्याचे ऐकिवात नाही. पुढे १८७० साली मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन लोहमार्ग जबलपुरास मिळाले, १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला, युद्धकाळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला, आणि प्रत्येक वेळी वऱ्हाड-नागपुराकडील, पुणे-साताऱ्याकडील कुटुंबे इकडे सरकत गेली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही याच राज्याची राजधानी होती आणि हिंदीबरोबर मराठी ही येथील राजभाषा होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि जबलपूरचा मराठी माणूस आपल्या ओसरीवरून न उठता परप्रांतीय झाला. आपण सीमा ओलांडली नव्हती, सीमेने आपणांस ओलांडले होते.

पूर्वेकडे हेच अधिक क्रूरपणे घडले. १९४७ नंतरही खुलन्याचा शेतमजूर कापणीसाठी चोवीस परगण्यांत येई, तेव्हा त्याच्याजवळ पारपत्र नसे, कारण तसा नियमच नव्हता. ऑक्टोबर १९५२ मध्ये दोन्ही देशांनी पारपत्राची पद्धत सुरू केली. त्या आधीच्या हंगामात जो हंगामी मजूर होता, तो पुढच्या हंगामात त्याच पायवाटेने आला तर गुन्हेगार ठरू लागला. त्याचे काम, त्याचा मालक, त्याची मजुरी यांत काही बदल झाला नव्हता. सीमा नसाव्यात असे मी म्हणत नाही. राष्ट्राला आपले दार उघडण्याचा व लावण्याचा हक्क आहे आणि तो नसेल तर राष्ट्र या शब्दाला अर्थ उरत नाही. परंतु हिशेब मांडायचा तर माणसाच्या श्रमाची किंमत आणि त्याच्या कागदाची किंमत या दोन वेगळ्या रकमा आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते.

आता संख्या. हिशेबाची पहिली अडचण येथेच येते. १४ जुलै २००४ रोजी केंद्रीय गृहराज्यमंत्र्यांनी राज्यसभेत बेकायदा बांगलादेशीयांचा आकडा सुमारे १ कोटी २० लाख असा दिला आणि थोड्याच दिवसांत तो विश्वसनीय नसल्याचे सांगून मागे घेतला. २०१६ साली दुसऱ्या गृहराज्यमंत्र्यांनी सुमारे दोन कोटी सांगितले. उलट जनगणनेत 'यापूर्वीचे वास्तव्य बांगलादेशात' अशी नोंद झालेल्यांची संख्या २००१ साली सुमारे ३० लाख आणि २०११ साली सुमारे २३ लाख होती. जनगणनेला लोक खरे सांगत नाहीत हे उघड आहे. तथापि मंत्र्यांचे आकडे कोणत्या मोजणीतून आले हे कधीच उघड झाले नाही. जो माणूस लपून राहतो त्याची गणना कोणी करू शकत नाही. म्हणून 'इतक्या कोटी लोकांमुळे इतक्या कोटी रुपयांचे नुकसान' असे वाक्य ऐकले की मी पहिल्या कोटीपाशीच थांबतो.

बाजूला एक गोष्ट नमूद करतो. बांगलादेशाचे दरडोई उत्पन्न गेल्या काही वर्षांत भारताच्या अगदी जवळ येऊन पोहोचले आहे. माणूस अधिक मजुरीच्या दिशेने चालतो. मजुरीतील अंतर घटले की पाऊलही मंदावते. कुंपणाची चर्चा होते तेव्हा ही बाब क्वचितच बोलली जाते.

मूळ प्रश्न मजुरीचा आहे, आणि तो समजण्यासाठी दिल्ली-ढाक्याकडे जाण्याची गरज नाही. आपण बसलो आहोत त्या शहपुऱ्याच्या शिवारात तो दरवर्षी सुटतो. हा परिसर मटराचा आहे. जबलपूरचा मटर हिवाळ्यात येथून थेट मुंबई-नागपूरच्या बाजारापर्यंत जातो. मटराचे पीक हट्टी असते. शेंग भरली की चार-सहा दिवसांत तोडली पाहिजे, नाहीतर दाणा निबर होतो, आणि पहिल्या आवकेला जो भाव मिळतो तो पंधरवड्यानंतर मिळत नाही. इतक्या थोड्या दिवसांत इतके हात एका गावात मिळणे शक्य नसते. ते मंडल्याकडून, डिंडोरीकडून येतात. बहुतेक गोंड, काही बैगा, त्यांत बायका पुष्कळ. शेताच्या कडेला पाली ठोकून राहतात, तोडणीचे पैसे बोऱ्यामागे घेतात आणि हंगाम संपला की परत जातात.

आता विचार करा, हे मजूर येऊ नयेत असा नियम उद्या कोणी केला तर काय होईल? शहपुऱ्याच्या स्थानिक मजुराची मजुरी वाढेल, असे सरळ गणित सांगते. पहिल्या वर्षी ती वाढेलही. परंतु मटर उभा वाळेल, पुढच्या वर्षी शेतकरी मटर कमी पेरील आणि गहू-हरभरा वाढवील, म्हणजे ज्या कामासाठी मजुरी वाढली होती ते कामच आटेल. बोरे शिवणारा, ट्रक भरणारा, मंडीत तोलाई करणारा हे स्थानिकच लोक आहेत. त्यांचे काम डिंडोरीच्या बाईच्या बोटांवर उभे आहे. दोन मजूर एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात तसेच पूरकही असतात, ही गोष्ट 'त्यांनी आमची कामे घेतली' या वाक्यात मावत नाही.

उलट बाजूचे उदाहरणही याच मातीत आहे. आपल्यातील वयस्कांना चैतुए आठवत असतील. चैत्रात बुंदेलखंडाकडून, वरच्या डोंगराळ भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे नर्मदेच्या खोऱ्यात गहू कापायला उतरत. मजुरी धान्यात मिळे आणि त्यावर त्यांचे पुढचे काही महिने निघत. मग पंजाबकडून मोठी कापणीयंत्रे येऊ लागली. एकेक यंत्र दिवसभरात ज्या शेताला पूर्वी आठवडा लागे ते मोकळे करते. चैतुए हळूहळू यायचे थांबले, आणि उभी नरवाई जाळण्याचा धूर तेवढा मागे राहिला. चैतुआंना येथे यायला कोणी मनाई केली नव्हती. शेतकऱ्याच्या दृष्टीने यंत्र स्वस्त आणि खात्रीचे ठरले इतकेच. तात्पर्य असे की मालकाजवळ नेहमी तीन वाटा असतात: स्थानिक मजूर, बाहेरचा मजूर आणि यंत्र. बाहेरचा बंद झाला म्हणजे मालक स्थानिकाकडेच वळेल अशी शाश्वती नसते.

अमेरिकेत या गोष्टीचा जणू प्रयोगच झाला. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतून शेतमजूर आणण्याची 'ब्रासेरो' नावाची सरकारी योजना होती. तीत सुमारे ४६ लाख करार झाले. स्थानिक मजुरांची मजुरी वाढावी या हेतूने ती बंद करण्यात आली. क्लेमेन्स, लुईस आणि पोस्टेल या अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी धुंडाळून २०१८ साली दाखविले की ज्या राज्यांतून मेक्सिकन मजूर गेले तेथील मजुरी इतर राज्यांपेक्षा अधिक वाढली नाही. कॅलिफोर्नियाच्या शेतकऱ्यांनी टोमॅटो तोडण्याची यंत्रे घेतली आणि पाच-सहा वर्षांत कारखान्यांना जाणारा टोमॅटो जवळजवळ सगळा यंत्रावर गेला. जेथे यंत्र नव्हते तेथे पीकच कमी झाले.

याच्या विरुद्ध बाजूस एक प्रसिद्ध वाद आहे. १९८० साली क्युबातील मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसे काही महिन्यांत फ्लोरिडात उतरली आणि मायामी शहरातील कामकऱ्यांची संख्या सुमारे सात टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड यांनी १९९० साली लिहिले की तेथील मजुरीवर जाणवण्याजोगा परिणाम झाला नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी तोच काळ पुन्हा तपासला आणि शालान्त परीक्षाही पार न केलेल्या पुरुषांची मजुरी दहा ते तीस टक्क्यांनी घसरली असे प्रतिपादिले. त्यावर इतरांनी आक्षेप घेतला की बोर्हास यांच्या पाहणीतील माणसे फारच थोडी होती. वाद मिटलेला नाही. परंतु दोन्ही पक्षांच्या मांडणीतून एक गोष्ट निघते. तोटा झालाच तर तो सर्वांचा होत नाही. तो खालच्या पायरीवरच्या माणसाचा होतो, ज्याच्याजवळ हातांखेरीज विकायला काही नाही त्याचा. घर बांधणाऱ्याला गवंडी स्वस्त मिळतो, नोकरी करणाऱ्या गृहिणीला मोलकरीण मिळते, ग्राहकाला भाजी स्वस्त पडते. आणि आधीपासून तेथे असलेल्या गवंड्याला व मोलकरणीला त्याची किंमत मोजावी लागते. लाभ पुष्कळांत थोडा थोडा वाटला जातो, तोटा थोड्यांवर एकवटतो. म्हणून व्याख्यानाच्या मंचावरून 'एकंदरीत फायदाच आहे' असे म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांविषयी त्या गवंड्याने संशय बाळगणे मला रास्त वाटते.

आता या जमाखर्चातील सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी लिहिली जाणारी रक्कम पाहू. ती आहे कागद नसण्याची सूट. मुंबई-ठाण्याच्या बांधकामावर एक गवंडी परवान्याचा आणि एक बिनपरवान्याचा असे शेजारी शेजारी काम करीत असतील, तर दुसऱ्याला कमी का मिळते? त्याची वीट वाकडी बसते म्हणून नव्हे. आठवड्याची मजुरी बुडाली तर तो पोलीस ठाण्यात जाऊ शकत नाही, पायावर पहार पडली तर नुकसानभरपाई मागू शकत नाही, आणि हे मुकादमाला ठाऊक असते. हा फरक ग्राहकापर्यंत फार थोडा पोहोचतो. त्याचा मोठा वाटा वाटेतच संपतो: सीमेवरचा दलाल, बनावट कागद करून देणारा, खोली भाड्याने देणारा, डोळे मिटण्यासाठी हप्ता घेणारा आणि मुकादम. अमेरिकेने १९८६ साली कायदा करून सुमारे २७ लाख बिनपरवाना लोकांना कायदेशीर दर्जा दिला. त्यांच्या कमाईचा अभ्यास करणाऱ्यांना असे दिसले की केवळ कागद मिळाल्याने मजुरी सुमारे सहा टक्क्यांनी वाढली. माणूस तोच आणि हात तेच असताना ते सहा टक्के त्याआधी मालकाच्या खिशात पडत होते. त्याच कायद्यात बिनपरवाना मजूर ठेवणाऱ्या मालकाला दंड करण्याचे कलमही होते. ते इतक्या मंदपणे राबविले गेले की पुढील वीस वर्षांत नव्याने तितकेच, किंबहुना त्याहून पुष्कळ अधिक लोक आले. दाराशी पहारेकरी आणि परसदारी बोलावणारा मालक, अशी ती व्यवस्था राहिली.

सरकारी तिजोरीचा हिशेब मी थोडक्यात सांगतो, कारण तो देशागणिक बदलतो. अमेरिकेत बिनपरवाना मजुरांपैकी अनेकांच्या पगारातून निवृत्तिवेतनाची वर्गणी कापली जाते आणि तिचा लाभ त्यांना कधीच मिळत नाही. तेथील सामाजिक सुरक्षा खात्याच्या विमागणितज्ञांनीच अंदाज केला होता की एकट्या २०१० साली त्यांच्यामुळे त्या निधीत निव्वळ सुमारे १२ अब्ज डॉलरची भर पडली. मात्र शाळा आणि इस्पितळे यांचा खर्च स्थानिक संस्थांवर पडतो. वर्गणी वॉशिंग्टनकडे जाते, मुले गावच्या शाळेत येतात. तक्रार गावाकडून येते हे नैसर्गिकच आहे. आपल्याकडे असंघटित मजुराकडून, तो देशी असो वा परदेशी, प्रत्यक्ष कर असा फारसा येतच नाही. तो मीठ, साबण, मोबाईल यांवरचा अप्रत्यक्ष कर भरतो. पाणी, संडास आणि दवाखाना यांचा ताण मात्र महापालिकेवर पडतो. मुंबईच्या नगरसेवकाची कुरकुर अगदीच निराधार नाही.

निर्वासितांचा खर्च उघडपणे आणि सर्वांनी मिळून उचलल्याचे एक उदाहरण आपल्या पिढीने पाहिले आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून जवळजवळ एक कोटी माणसे आली. १५ नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. प्रारंभी तर कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच 'निर्वासित साहाय्य' असा शिक्का उमटवून ते काढले होते. सरकारी छापखान्याला विनोदबुद्धी असते ती अशी. १९७३ च्या मार्चअखेर तो कर संपला. आपल्या आयांनी माहेरी पाठविलेल्या पत्रांवर ती तिकिटे होती. त्याआधी आलेल्या बंगाली कुटुंबांना दंडकारण्य योजनेखाली रायपूरजवळच्या माना छावणीतून बस्तरात आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जमिनी दिल्या गेल्या. आज गडचिरोली जिल्ह्यात त्यांची गावे आहेत, तेथे भात पिकतो आणि मासळीची तळी आहेत. त्यांना कागद मिळाला होता. तो जमेचा पहिला आकडा होता.

आणि आता शोधून हाकलण्याचा खर्च. आसामात १९८३ साली न्यायाधिकरणांचा कायदा झाला. त्यात परकीय असल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकार व तक्रारदार यांच्यावर होता. २००५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पुढे नागरिक नोंदवहीचे प्रचंड काम झाले. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या यादीतून १९,०६,६५७ माणसे वगळली गेली. मूळ अंदाज २८८ कोटींचा होता, तो महालेखापालांच्या अहवालाप्रमाणे १,६०० कोटींवर गेला. शिवाय लक्षावधी कुटुंबांनी वकिलांना, दस्तऐवज शोधणाऱ्यांना, दूरच्या सुनावणीच्या प्रवासाला जे पैसे दिले ते कोणत्याही अहवालात नाहीत. ज्यांनी जनावर विकून आजोबांच्या मतदारयादीचा उतारा आणला त्यांतील बहुसंख्य भारतीयच ठरले. हा खर्च घुसखोराने केला नाही, नागरिकाने केला.

मुंबईची दोन उदाहरणे देतो. जुलै १९९८ मध्ये तेथील पोलिसांनी जरीकाम करणाऱ्या काही बंगालीभाषक मजुरांना बांगलादेशी ठरवून कुर्ला-हावडा गाडीने रवाना केले. पश्चिम बंगालमधील उलुबेडिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडविले, आणि ते आपल्या राज्याचे रहिवासी आहेत की नाहीत यावरून दोन राज्य सरकारांत जाहीर भांडण झाले. सत्तावीस वर्षांनी, जून २०२५ मध्ये, मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपार ढकलण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे आढळल्यावर परत आणावे लागले. सीमेपार गेलेला गवंडी परत आला, तोपर्यंत त्याचे काम दुसऱ्याकडे गेलेले असते. तो तोटा कोणत्या रकान्यात लिहायचा?

येथे आपणांपैकी काहीजण म्हणतील, ही भाषा बोलणाऱ्यांची अडचण, आपली नव्हे. मला तसे वाटत नाही. १९६६ साली मुंबईत 'भूमिपुत्र' हा शब्द गाजू लागला तेव्हा त्या शहरात मराठी भाषकांचे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते, आणि त्यामागची बेकारीची व्यथा खोटी नव्हती. परंतु भूमिपुत्राचा जो नियम दादरला लावायचा तोच जबलपुरास लागला तर आपण कोण ठरतो, हे येथे बसून वेगळे दिसते. २००८ साली मुंबईत उत्तर भारतीय टॅक्सीचालक आणि फेरीवाले यांच्यावर हल्ले झाले, तेव्हा आपल्या गल्लीतील शेजाऱ्यांच्या नजरेत जो प्रश्न होता तो आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. त्यापूर्वी कितीतरी आधी निजामाच्या राज्यात मुलकी नियम होते; पंधरा वर्षांच्या वास्तव्यावाचून सरकारी नोकरी नाही. त्या नियमाच्या आत आणि बाहेर अशा दोन्ही बाजूंस मराठवाड्यात मराठीच माणसे सापडत.

शिवाय वहीच्या दुसऱ्या पानावर आपलीही नावे आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला १०४ भारतीयांना आणून सोडले. त्यांत गुजरात, हरियाणा आणि पंजाबचे बहुसंख्य होते, तसे महाराष्ट्रातलेही तिघे होते. अमेरिकेत परवान्याविना राहणाऱ्या भारतीयांची संख्या प्यू संशोधन केंद्राने २०२२ सालासाठी सुमारे सव्वासात लाख धरली होती. यांतील बरेच लोक रीतसर विमानाने गेलेले आणि मुदत संपल्यावर राहिलेले असतात. दुसरे शेत विकून, दलालाला लाखो रुपये देऊन जंगलांतून जातात. आखाती देशांत भेटीच्या परवान्यावर जाऊन राहणारे होते, आहेत. संयुक्त अरब अमिरातीने १९९६ पासून अनेकदा माफी जाहीर केली तेव्हा रांगेत हजारो भारतीय होते. मुंबईतील बांगलादेशी गवंड्याकडे ज्या चष्म्याने आपण पाहतो, तो दुबईतील आपल्या सुताराला लावून पाहावा. दोघेही घरी पैसे पाठवितात. एकाच्या पाठवणीला आपण परकीय चलनाची कमाई म्हणतो आणि दुसऱ्याच्या पाठवणीला देशाची गळती.

माझे स्वतःचे मत आपण विचाराल, तर ते असे. सीमेवर पहारा असावा, येणाऱ्याची नोंद असावी. पण मजुरी पडते ती पाहुण्यामुळे कमी आणि त्याच्या मुकेपणामुळे अधिक. ज्या कामाच्या ठिकाणी किमान वेतन खरोखर तपासले जाते, तेथे बिनपरवाना मजूर ठेवण्यात मालकाला काहीच गोडी उरत नाही, आणि स्थानिक मजुराचेही त्यात आपोआप रक्षण होते. पकडणाऱ्या पोलिसांची संख्या दुप्पट करण्यापेक्षा मजुरी तपासणाऱ्या निरीक्षकांची संख्या दुप्पट करणे मला अधिक किफायतशीर दिसते. ते अधिक कठीण आहे, कारण त्यात मालकाचे नाव घ्यावे लागते, आणि मालक मतदारयादीत असतो.

मुकेपणासाठी माणूस परदेशीच असावा लागतो असेही नाही. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात काम करीत होते आणि टाळेबंदीत पायी घरी निघाले होते. शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे ते लोक, म्हणजे आपलेच शेजारी. आपल्या मुलुखातून ते आपल्या मुळच्या मुलुखात मजुरीला गेले होते. पूर्ण नागरिक होते. त्याच वर्षी सप्टेंबरात टाळेबंदीत वाटेवर मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी सरकारजवळ नसल्याचे संसदेत सांगण्यात आले.

या लोकांसाठी १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला होता. ठेकेदाराने प्रत्येक मजुराला छायाचित्रासह पासबुक द्यावे, महिन्याच्या मजुरीच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता आणि जाण्यायेण्याचे भाडे द्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पासबुक हातात असलेला मजूर मी फारसा पाहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत तो कायदा विलीन झाला. प्रवासभत्ता राहिला, विस्थापन भत्ता गळला. स्वतःहून आलेल्या मजुराला मात्र व्याख्येत जागा मिळाली, ही जमेची बाजू. पण राज्याची सीमा ओलांडली तरच हे सारे लागू होते. डिंडोरीची बाई नागपुरास बांधकामावर गेली तर ती कायद्याला दिसते, आणि शहपुऱ्यास मटर तोडायला आली तर दिसत नाही, कारण डिंडोरी आणि जबलपूर एकाच राज्यात आहेत.

मटराची तोडणी आता सुरू होईल. आपल्या मंडळातील ज्या कुटुंबांची या भागात शेती आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. बोऱ्यांचा हिशेब मुकादमाच्या वहीबरोबर मजुराच्या हातातील कागदावरही रोजच्या रोज लिहून द्यावा, तारीख आणि सही घालून. खर्च एका कोऱ्या वहीचा आहे. मंडळाच्या कार्यालयात त्या वह्या ठेवण्याची व्यवस्था कार्यवाहांनी मान्य केली आहे. जाताना ज्यांना हव्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात.